हार्लेमच्या वस्तीतील नेत्रशल्यविशारद : डॉ. पॅट्रिशिया बाथ

"वय झाले की नजर जायचीच." "मोतीबिंदू अजून पिकला नाही, पिकला की बघू." "नशिबात होते, त्याला कोण काय करणार?" वस्तीत कुणा म्हाताऱ्या माणसाला दिसेनासे झाले की ही वाक्ये हमखास ऐकू येतात. मग त्या आजीची खाट दाराशी येते, हातात काठी येते आणि घरातली एखादी मुलगी शाळा बुडवून तिला संडासला नेण्या-आणण्याच्या कामाला लागते. रस्त्यापलीकडच्या सोसायटीत त्याच वयाच्या बाईंचे ऑपरेशन दोन वर्षांपूर्वीच झालेले असते आणि त्या चष्मा लावून पेपर वाचत बसलेल्या असतात. वय दोघींचे सारखेच. मग एकीचीच नजर का गेली?

हाच प्रश्न १९६९ च्या सुमारास अमेरिकेतल्या एका तरुण डॉक्टर बाईंनी स्वतःच्या वस्तीबद्दल विचारला. त्या नुसत्या हळहळल्या नाहीत. त्यांनी आंधळी माणसे मोजली. त्या मोजणीतून जे निघाले, त्यावर पुढचे सगळे आयुष्य काम केले. डॉ. पॅट्रिशिया बाथ हे त्यांचे नाव. या वेळच्या आरोग्याच्या पानावर आम्ही त्यांची ओळख करून देत आहोत. डोळ्यांच्या रोगांची माहितीही ओघाने येईलच, कारण बाईंचे आयुष्य आणि ते रोग वेगळे काढता येत नाहीत.

न्यूयॉर्क शहरात हार्लेम नावाचा भाग आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांची मुले-नातवंडे दक्षिणेकडून कामाच्या शोधात आली आणि या भागात दाटीवाटीने राहू लागली. तिथे ४ नोव्हेंबर १९४२ रोजी पॅट्रिशियांचा जन्म झाला. वडील रुपर्ट हे त्रिनिदाद बेटावरून आलेले. ते आधी मालवाहू जहाजांवर खलाशी होते आणि पुढे न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत मोटरमन झाले. त्या रेल्वेत मोटरमन झालेले ते पहिले कृष्णवर्णीय. आई ग्लॅडिस लोकांच्या घरची कामे करायच्या. आपल्या किती मायबहिणी पहाटे उठून हेच काम करायला बाहेर पडतात, हे वेगळे सांगायला नको. त्या कमाईतून ग्लॅडिसबाईंनी मुलीला रसायनशास्त्राच्या प्रयोगांची एक पेटी आणून दिली. बाहुली सोडून ही पेटी आणावी असे त्या आईला वाटले, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. पुढे मुलीच्या कॉलेजसाठीही याच कामातले पैसे साठवले गेले.

त्या काळी हार्लेममध्ये हायस्कूलच नव्हते. पॅट्रिशिया शहराच्या दुसऱ्या भागातल्या शाळेत जात. ओळखीत एकही बाई डॉक्टर नव्हती. अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत कृष्णवर्णीयांना प्रवेशच मिळत नसे. आफ्रिकेत कुष्ठरोग्यांवर उपचार करणाऱ्या डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर यांच्याबद्दल त्यांच्या वाचनात आले आणि डॉक्टर व्हायचे मनाने घेतले. शाळेत असतानाच सरकारी शिष्यवृत्तीवर त्यांना उन्हाळी संशोधन शिबिरात जागा मिळाली. तिथे कर्करोगाच्या पेशींवर त्यांनी केलेले काम इतके नेटके होते की प्रकल्पाच्या प्रमुखांनी ते १९६० साली शास्त्रज्ञांच्या परिषदेत मांडले. १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजातून त्या रसायनशास्त्राच्या पदवीधर झाल्या आणि १९६८ मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातून डॉक्टर. हॉवर्ड हे विद्यापीठ गुलामगिरी संपल्यानंतर लगेच, १८६७ मध्ये निघाले. कृष्णवर्णीय डॉक्टर, वकील, शिक्षकांच्या अनेक पिढ्या तिथे घडल्या.

त्या डॉक्टर झाल्या त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. किंग यांनी गरिबांचा मोर्चा वॉशिंग्टनला आणायचे ठरवले होते. त्यांच्या मागे तो निघाला आणि राजधानीत हजारो गरीब माणसांनी तंबू-झोपड्यांचे गावच उभारले. पावसाने तिथे नुसता चिखल झाला होता. हॉवर्डच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना गोळा करून पॅट्रिशिया बाथ तिथे दवाखाना चालवायला गेल्या. डॉक्टर माणसाने दवाखान्यात बसून पेशंटची वाट पाहायची नसते, हे त्या बहुधा तिथेच शिकल्या असाव्यात.

त्यानंतर त्या हार्लेमला परतल्या आणि हार्लेम हॉस्पिटलमध्ये इंटर्न म्हणून लागल्या. इथून खरी गोष्ट सुरू होते.

हार्लेम हॉस्पिटल कोलंबिया विद्यापीठाशी जोडलेले होते. कोलंबिया हे नाव आपल्या घराघरांत माहीत आहे. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब तिथेच शिकले. त्या विद्यापीठाचा मुख्य परिसर हार्लेमला अगदी खेटून आहे आणि त्याचे डोळ्यांचे रुग्णालय तिथून थोडे उत्तरेला. हार्लेम हॉस्पिटलपासून ते दोन-तीन किलोमीटर असेल. पॅट्रिशिया बाथ यांचे पुढचे प्रशिक्षण तिथे होते. त्यामुळे त्यांना दोन्हीकडचे डोळ्यांचे दवाखाने आतून पाहायला मिळाले.

हार्लेमच्या नेत्रविभागात बाकावर बसलेल्यांपैकी निम्मे लोक आंधळे किंवा अगदी अधू नजरेचे असत. कोलंबियाच्या दवाखान्यात पूर्ण आंधळा माणूस क्वचितच दिसे. तिथले लोक चष्म्याचा नंबर बदलायला, डोळा लाल झाला म्हणून किंवा मोतीबिंदू सुरू झाला म्हणून येत. शहर एक, विद्यापीठ एक, अंतर पायी चालत जाण्याइतके. ही तफावत दोन्ही ठिकाणच्या अनेक डॉक्टरांना दिसत असणार. रोजच्या पाहण्यातल्या गोष्टीचा प्रश्न करणे मात्र सगळ्यांना सुचत नाही.

बाथ यांनी जुने केसपेपर काढले, नोंदी तपासल्या, आकडे मांडले. कृष्णवर्णीयांमध्ये आंधळेपणाचे प्रमाण गोऱ्यांच्या दुप्पट निघाले. आता अशी तफावत दिसली की "त्यांच्या अंगातच तो रोग असतो" असे म्हणून मोकळे होणे सोपे असते. आपल्याकडे त्यालाच मागल्या जन्मीचे म्हणतात. बाथ यांनी कारण शोधले. डोळ्यांच्या डॉक्टरपर्यंत ही माणसे वेळेत पोचतच नाहीत, हे त्यांचे उत्तर. हार्लेम हॉस्पिटलमध्ये तेव्हा डोळ्यांच्या मोठ्या शस्त्रक्रिया होतच नव्हत्या. ज्या आजारावर उपाय होता, त्यानेच लोक आंधळे होत होते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. काचबिंदू हा रोग कृष्णवर्णीयांना जास्त प्रमाणात आणि कमी वयात होतो, हे पुढच्या अभ्यासांतही दिसले आहे. म्हणजे शरीराचा वाटा अजिबात नाही, असे कुणी म्हणू नये. पण काचबिंदू होणे वेगळे आणि काचबिंदूने आंधळे होणे वेगळे. डोळ्याच्या आत एक पाणी सतत तयार होते आणि बाहेर जाते. बाहेर जाण्याची वाट तुंबली की आतला दाब वाढतो आणि डोळ्यामागची नस हळूहळू सुकते. दुखत नाही, खुपत नाही. आधी बाजूचे दिसणे जाते. माणूस दाराच्या चौकटीला धडकू लागतो, बाजूने येणारी रिक्षा त्याला दिसत नाही, आणि घरचे म्हणतात की लक्ष नसते. समोरचे दिसेनासे होईपर्यंत नस जवळजवळ संपलेली असते. गेलेली नजर कुठल्याही ऑपरेशनने परत येत नाही. पण दाब वेळेत मोजला तर रोज घालायच्या थेंबांनी, गरज पडली तर लेसर किंवा शस्त्रक्रियेने, उरलेली नजर बहुतेकांना शेवटपर्यंत राखता येते. म्हणून ज्याच्या दारात तपासणी आहे त्याची नजर टिकते आणि ज्याच्या दारात नाही त्याची जाते.

आपल्याकडे काचबिंदूचा आणखी एक प्रकार बऱ्यापैकी आढळतो, तो गपचूप येत नाही. डोळा एकदम लाल होतो, डोके फुटल्यासारखे दुखते, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. याला पित्त समजून घरी झोपून राहू नये. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जावे.

पुन्हा हार्लेमकडे येऊ. आकडे हातात आल्यावर बाथबाई आपल्याच कोलंबियाच्या प्राध्यापकांकडे गेल्या आणि म्हणाल्या, हार्लेमला या, तिथल्या आंधळ्यांची ऑपरेशने फी न घेता करा, मी तुमच्या हाताखाली उभी राहते. प्राध्यापक आले. १९७० मध्ये हार्लेम हॉस्पिटलमध्ये डोळ्याची पहिली मोठी शस्त्रक्रिया झाली. तेव्हा या बाई तिशीच्याही आत होत्या आणि त्यांचे स्वतःचे शिक्षण अजून पुरे झाले नव्हते. ते १९७० ते १९७३ या काळात न्यूयॉर्क विद्यापीठात झाले. तिथे नेत्रविभागात प्रशिक्षण घेणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन डॉक्टर. याच काळात लग्न झाले आणि १९७२ मध्ये मुलगी झाली. तान्हे मूल आणि रात्रपाळ्या हे दोन्ही त्यांनी सांभाळले.

१९७६ मध्ये त्यांनी आपल्या कामाला एक नाव दिले. मराठीत त्याला सामुदायिक नेत्रचिकित्सा म्हणता येईल. कल्पना साधी होती. डॉक्टर थोडे आणि वस्ती मोठी असते, म्हणून वस्तीतल्याच माणसांना शिकवायचे. शिकलेले हे कार्यकर्ते म्हाताऱ्यांच्या केंद्रांत आणि पाळणाघरांत जाऊन तक्त्यावर नजर तपासत. मोतीबिंदू, काचबिंदूची शंका आली की त्या माणसाला डॉक्टरकडे पोचवत. ज्या मुलांना फळ्यावरचे दिसत नाही म्हणून ती 'ढ' ठरली होती, त्यांना चष्मे मिळत. त्याच सुमारास सहकाऱ्यांबरोबर त्यांनी अंधत्व प्रतिबंधासाठी एक संस्था स्थापन केली. दृष्टी हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, हे तिचे तत्त्व होते. जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांत जंतुनाशक थेंब, लहानग्यांना अ जीवनसत्त्व, गोवराची लस अशा स्वस्त उपायांवर या संस्थेचा भर होता. गोवर आणि अ जीवनसत्त्वाची कमतरता या दोन्हींनी बाळाचे बुबुळ कायमचे पांढरे होऊ शकते.

योगायोग असा की १९७६ मध्येच भारत सरकारने राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. एकाने दुसऱ्याचे पाहून केले, असे आम्ही म्हणत नाही. पण आज सिव्हिल हॉस्पिटलात मोतीबिंदूचे ऑपरेशन भिंगासह मोफत होते, शाळेत आणि अंगणवाडीत पथक येऊन मुलांची तपासणी करते, नवव्या महिन्याला गोवराच्या लसीबरोबर अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस मिळतो आणि पाच वर्षांचे होईपर्यंत दर सहा महिन्यांनी तो पुन्हा द्यायचा असतो, यामागे विचार तोच आहे. हे कुणाचे उपकार नाहीत, हे सरकारचे काम आहे. ते हक्काने मागून घ्यावे.

१९७४ मध्ये बाथ लॉस एंजेलिसला गेल्या. तिथे ड्र्यू विद्यापीठ आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ अशा दोन ठिकाणी त्या शिकवू लागल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नामांकित नेत्रसंस्थेत प्राध्यापक म्हणून आलेल्या त्या पहिल्या बाई. पहिल्या बाईला बसायला जागा कुठे मिळाली? तळघरात, प्रयोगासाठी ठेवलेल्या प्राण्यांच्या शेजारी. पुढे मुलाखतीत त्यांनी हा प्रसंग सांगितला आहे. त्यांनी आरडाओरडा केला नाही, हा वर्णद्वेष आहे की बाई म्हणून दिलेली वागणूक आहे यावर वाद घातला नाही. ही जागा योग्य नाही एवढेच सांगून ती नाकारली आणि दुसरी खोली मिळवली. मग कामाला लागल्या. कार्यालयात वेगळा माठ, वेगळे टेबल अनुभवलेल्या आपल्या वाचकांना या तळघराचा अर्थ कळेल. १९८३ मध्ये त्या नेत्रतज्ज्ञ घडवणाऱ्या प्रशिक्षण विभागाच्या प्रमुख झाल्या. अमेरिकेत त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या महिला होत्या.

आता त्यांच्या शोधाविषयी. मोबाइलवर अधूनमधून असा मजकूर फिरतो की "मोतीबिंदूचे ऑपरेशन एका काळ्या बाईने शोधून काढले." अभिमान वाटतो म्हणून चुकीची गोष्ट पुढे पाठवू नये. ऐकीव गोष्ट तपासून घ्यायची, हीच आपली शिकवण आहे. खरे काय ते असे.

डोळ्याच्या बाहुलीमागे एक पारदर्शक भिंग असते. वयाने, मधुमेहाने, मार लागल्याने किंवा काही औषधांमुळे ते गढूळ होते. त्यालाच मोतीबिंदू म्हणतात. तो पडदा नव्हे, डोळ्यावर बाहेरून काही साचत नाही. त्यामुळे मध, गुलाबपाणी, कांद्याचा रस, कुणा बाबाचा अंगारा यांनी तो विरघळत नाही. उलट जंतू शिरून डोळाच जाण्याची भीती असते. थेंब, गोळ्या, व्यायाम यांनीही तो जात नाही. गढूळ भिंग काढणे हा एकच उपाय. पूर्वी मोठा छेद घेऊन अख्खे भिंग बाहेर काढत आणि मग जाड भिंगाचा चष्मा लावावा लागे. १९४९ मध्ये लंडनचे हॅरोल्ड रिडली यांनी डोळ्याच्या आतच कृत्रिम भिंग बसवले. १९६७ मध्ये न्यूयॉर्कचे चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंगाचा चुरा करून बारीक छेदातून तो ओढून घेण्याची पद्धत काढली. म्हणजे पॅट्रिशिया बाथ यांच्या आधीही मार्ग होता.

बाथ यांचे म्हणणे होते की ध्वनिलहरींऐवजी लेसरच्या किरणाने हे काम आणखी नेमके होईल. १९८१ मध्ये त्यांनी ही कल्पना मांडली. सुमारे एक मिलिमीटरच्या छेदातून जाणारी सळई, तिच्यात भिंग विरघळवणारा लेसरचा तंतू, डोळा धुणारी एक नळी आणि चुरा ओढून घेणारी दुसरी, असे ते उपकरण. अमेरिकेत त्यांना हवे तसे लेसर आणि हवी तशी साथ मिळेना. मग त्या युरोपात गेल्या आणि बर्लिनमध्ये लेसरवर काम केले. १७ मे १९८८ रोजी त्यांना उपकरणाचे पेटंट मिळाले. वैद्यकीय शोधासाठी पेटंट मिळवणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन महिला डॉक्टर. एकूण पाच पेटंटे त्यांच्या नावावर आहेत.

आज जगभरात, आपल्याकडेही, मोतीबिंदू बहुतेक ठिकाणी केलमन यांच्या ध्वनिलहरींच्या पद्धतीने किंवा लहान छेदाच्या बिनटाक्याच्या पद्धतीने काढला जातो. काही खासगी रुग्णालयांत लेसरचे महागडे पॅकेज सांगतात आणि घरातले लोक आईसाठी कर्ज काढायला निघतात. ते लेसरयंत्रही बाथ यांच्या उपकरणापेक्षा वेगळे, नंतरचे आहे. आजवरच्या मोठ्या चाचण्यांत साध्या ध्वनिलहरींच्या ऑपरेशनपेक्षा लेसरने नजर जास्त चांगली येते असे दिसलेले नाही. बचत गटाचे कर्ज, सोने गहाण ठेवणे, मालकाकडून उचल घेणे यातले काहीही मोतीबिंदूसाठी करण्याची गरज नाही. सिव्हिलला केसपेपर काढा.

बाथ यांच्या हाताखालून गेलेली एक केस मुद्दाम सांगावीशी वाटते. बुबुळावरचा पारदर्शक भाग पूर्ण खराब झाला की कधीकधी त्या जागी कृत्रिम भाग बसवतात. या शस्त्रक्रियेचे खास शिक्षण त्यांनी घेतले होते. उत्तर आफ्रिकेत त्यांनी अशाच शस्त्रक्रियेने तीस वर्षे आंधळ्या असलेल्या एका बाईची नजर परत आणली. कुणी विचारले की आयुष्यातला सर्वांत मोठा क्षण कोणता, तर त्या पेटंटाऐवजी या बाईची आठवण सांगत.

१९९३ मध्ये त्या निवृत्त झाल्या. दूर राहणाऱ्या रुग्णांना संगणकाच्या मदतीने तज्ज्ञाचा सल्ला मिळावा यासाठी नंतरही त्यांचे काम चालू राहिले. एप्रिल २०१९ मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी, स्त्री-संशोधकांना पेटंट मिळवताना येणाऱ्या अडचणींबद्दल त्यांनी अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ३० मे २०१९ रोजी, त्यांचे निधन झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक दालनात त्यांचे नाव २०२२ मध्ये लागले. तोवर त्या दालनात एकाही कृष्णवर्णीय महिलेचे नाव नव्हते. त्या वर्षी दोघींची लागली.

आता आपल्या घराकडे वळू. "पिकू द्या" हे वाक्य आजच्या ऑपरेशनला लागू नाही. मोठ्या छेदाच्या जमान्यात त्याला थोडा अर्थ होता. आता रोजचे काम अडू लागले, सुई ओवता येईना, बसचा बोर्ड वाचता येईना, चुलीवरचे भांडे दिसेना, की वेळ झाली समजावे. फार पिकलेला मोतीबिंदू फुगतो, डोळ्यातला दाब वाढवतो आणि चांगल्या डोळ्याचा काचबिंदू करून बसतो. पन्नाशीपुढच्या माणसांत आपल्या देशात जो आंधळेपणा आहे, त्यातला सुमारे दोन तृतीयांश आजही मोतीबिंदूमुळे आहे. म्हणजे हार्लेमच्या बाकावरची ती माणसे इथेही बसलेली आहेत.

मेडिकलवाल्याने दिलेला थेंब हा वस्तीतला दुसरा मोठा धोका. डोळा लाल झाला, खाजला की आपण दुकानातून थेंब आणतो. दोन दिवसांत बरे वाटते, म्हणून तीच बाटली महिनोन्महिने घरात फिरते. यातल्या अनेक थेंबांत स्टेरॉइड असते. डॉक्टरच्या देखरेखीशिवाय ते घालत राहिले तर त्यानेच काचबिंदू आणि मोतीबिंदू होतो, मुलांनाही होतो. शेजारणीला लागू पडलेला थेंब आपल्या लेकराला घालू नये.

मधुमेहाबद्दल बोलताना आम्हाला बाबासाहेबांची आठवण होतेच. ज्या माणसाने आयुष्यभर दिव्याखाली पुस्तके वाचली, त्यांची नजर अखेरच्या वर्षांत मंदावली होती. मधुमेहाने शरीर पोखरले होते. त्या काळी मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर होणाऱ्या परिणामांवर उपाय फारसे नव्हते. आज लेसर आहे, इंजेक्शने आहेत, पण दिसायला बरे असतानाच तपासले तर त्यांचा पुरता उपयोग. साखर असणाऱ्या प्रत्येकाने वर्षातून एकदा बाहुली मोठी करणारा थेंब टाकून डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा. त्या दिवशी काही तास धूसर दिसते, म्हणून सोबत कुणी न्यावे आणि गाडी चालवू नये. नजर चांगली आहे म्हणून ही तपासणी टाळू नये. चाळिशीनंतर प्रत्येकाने चष्म्याचा नंबर काढतानाच डोळ्याचा दाबही मोजून मागावा. आई-वडील किंवा भावंडांत कुणाला काचबिंदू असेल त्यांनी तर नक्कीच. काचबिंदूचे थेंब सुरू असतील तर ते "आता बरे वाटते" म्हणून बंद करू नयेत. ते बरे वाटण्यासाठी नसतात, उरलेले टिकवण्यासाठी असतात.

गवंडीकाम करणाऱ्यांच्या डोळ्यात चुना किंवा सिमेंट गेले तर डॉक्टर शोधण्याआधी पाणी शोधावे. पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याच्या धारेखाली किमान अर्धा तास डोळा धुवावा, मगच रुग्णालयात जावे. चुन्याने बुबुळ काही मिनिटांत जळते. वेल्डिंग, ग्राइंडिंग करणाऱ्यांनी मालकाकडून जाळीचा नव्हे, कामाचा चष्मा मागून घ्यावा.

घरच्या घरी करता येण्यासारखी एक तपासणी आहे. भिंतीवर कॅलेंडर असतेच. त्यापासून ठरावीक अंतरावर उभे राहून एक डोळा तळहाताने झाका, दाबू नका, आणि तारखा वाचा. मग दुसरा. चष्मा असेल तर चष्मा लावून. एका डोळ्याची नजर गेलेली कितीतरी माणसे आम्ही पाहिली आहेत, ज्यांना ते वर्षभर कळलेच नव्हते, कारण दुसरा डोळा काम चालवून नेत होता. मुलांची अशी तपासणी शाळेत घालण्यापूर्वीच करावी. एका डोळ्याला कमी दिसत असेल तर सात-आठ वर्षांच्या आत उपचार सुरू झाले तर तो डोळा बहुधा वाचतो, पुढे तो आळशीच राहतो.

पॅट्रिशिया बाथ यांच्या कार्यकर्त्यांनी जे केले ते आपल्या विहारात एका रविवारी करता येईल. वंदना झाल्यावर चार शिकलेल्या मुला-मुलींनी वही घेऊन बसावे. एक पान एका गल्लीला. घर, पन्नाशीपुढची माणसे किती, उजव्या डोळ्याने कॅलेंडर वाचता येते का, डाव्याने येते का, साखर आहे का, यापूर्वी ऑपरेशन झाले आहे का, एवढेच रकाने. तक्ता हवा असेल तर जवळच्या सरकारी दवाखान्यात आशाताईंना विचारावे, त्या वापरायची रीतही दाखवतील. ज्यांना दिसत नाही त्यांची यादी ग्रामीण रुग्णालयात किंवा महापालिकेच्या दवाखान्यात नेत्रविभागाला द्यावी आणि ऑपरेशनची तारीख मागावी. आठ-दहा माणसे एकत्र असली तर गाडीची सोय होते का तेही विचारावे. जाताना आधार कार्ड, रेशन कार्ड आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या घ्याव्यात. साखर आणि रक्तदाबाची गोळी त्या दिवशी घ्यायची की नाही, ते डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारून ठेवावे. ऑपरेशननंतर थेंब किती आठवडे घालायचे ते नीट लिहून आणावे. डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा आलेली नजर पुन्हा कमी झाली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी परत जावे.